वेब प्लॅटफॉर्म निवडताना आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

२०२१च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याने चक्क स्वतःचा ब्राउझर काढला. हौस म्हणून नव्हे. करदात्यांनी भरायचे त्यांचे काही अर्ज ॲडोबी फ्लॅशमध्ये बनवलेले होते, आणि त्या महिन्याच्या १२ तारखेपासून फ्लॅश प्लेअरने काहीही दाखवायचं बंद केलं. ही तारीख कुणावर अचानक कोसळली नव्हती. फ्लॅश २०२०च्या अखेरीस संपणार, हे ॲडोबीने जुलै २०१७मध्येच सांगून ठेवलं होतं. तीन वर्षांहून जास्त मुदत मिळूनही एका देशाच्या कर खात्याला उरलेल्या अर्जांपुरता फ्लॅश जिवंत ठेवणारा ब्राउझर लोकांच्या हाती द्यावा लागला.

या खात्याला हसण्यात अर्थ नाही. ते अर्ज बनले त्या काळात फ्लॅश ही शहाण्या माणसाचीच निवड होती. तेव्हाच्या वेबवर कुठलंही बटण दाबलं की अख्खं पान नव्याने यायचं. वीस रकान्यांचं बिल भरणाऱ्याला ते सोसण्यासारखं नव्हतं. २००२मध्ये तेव्हा फ्लॅशची मालक असलेल्या मॅक्रोमीडियाने ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ हा शब्दप्रयोग चालवला आणि २००४मध्ये खास कार्यालयीन कामासाठी फ्लॅशवर चालणारं फ्लेक्स आणलं. तक्ते, आलेख, ओढून टाकायच्या याद्या, सगळं ब्राउझरमध्येच. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइट आणलं. जावा ॲप्लेट तर १९९५पासून होतेच. २००८-०९च्या सुमाराला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बैठकांत ‘फ्लेक्स घ्यायचं की सिल्व्हरलाइट’ यावर तास न् तास खल चालायचा. वैशिष्ट्यांचे तुलनात्मक तक्ते भिंतीवर पडायचे, बाजू घेतल्या जायच्या.

दोन्ही उत्तरं चुकली. आयफोनने फ्लॅशला दारातच उभं केलं नाही. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन काढून टाकले. जावाचं ब्राउझर प्लगइन २०१८च्या जावा ११मध्ये उरलं नाही, आणि सिल्व्हरलाइटचा आधार १२ ऑक्टोबर २०२१ला संपला. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली व्हीएमवेअरची वेब स्क्रीनसुद्धा फ्लॅशवर उभी होती. २०१६मध्ये त्यांनी एचटीएमएलची स्क्रीन सोबत द्यायला सुरुवात केली, ती फ्लॅशला पुरती बाजूला सारेपर्यंत २०२० उजाडलं. पैसा आणि माणसं दोन्ही मुबलक असलेल्या कंपनीचा हा वेग.

या पडझडीतून कोण सुखरूप निघालं? ज्यांनी अचूक घोडा निवडला ते नव्हेत, कारण अचूक घोडा नव्हताच. ज्यांचे व्यवहाराचे नियम, म्हणजे सवलत कशी काढायची, उधारीची मर्यादा कुठे अडवायची, कर कसा लावायचा, हे सर्व्हरवर आणि डेटाबेसमध्ये होतं, त्यांच्या फक्त स्क्रीन गेल्या. ज्यांनी हे सगळं सोयीसाठी फ्लेक्सच्या स्क्रीनमध्येच लिहून ठेवलं होतं, त्यांना धंदाच पुन्हा शिकवावा लागला, तोही मूळ प्रोग्रामर सोडून गेल्यावर. स्क्रीन हा भाड्याचा गाळा आहे. माल आणि वह्या आपल्या असल्या की गाळा बदलता येतो.

म्हणून तुमच्या कारखान्यासाठी, पेढीसाठी किंवा संस्थेसाठी वेबवर चालणारं सॉफ्टवेअर करून घेणार असाल, तर ‘सर्वांत चांगलं कोणतं’ हा पहिला प्रश्न ठेवू नका. ‘आठ वर्षांनी हे सोडायची वेळ आली तर काय काय हातात उरेल’ हा ठेवा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

आजचे पर्याय त्या काळापेक्षा बरे आहेत, हेही सांगायला हवं. फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट ब्राउझरच्या अंगावर बसवलेली परकी यंत्रं होती. एका कंपनीच्या मर्जीवर चालणारी. आजचे रिॲक्ट, ॲंग्युलर, व्ह्यू हे ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्येच उतरतात. सी-शार्पसारख्या भाषांना ब्राउझरमध्ये चालवणारं वेबअसेम्ब्लीही डिसेंबर २०१९पासून अधिकृत मानक आहे. यांना मरण नाही असं नव्हे, पण मरणाची तऱ्हा वेगळी. २०१०च्या ॲंग्युलरजेएसचा आधार २०२१च्या ३१ डिसेंबरला संपला, व्ह्यू २चा २०२३च्या ३१ डिसेंबरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्क्रीन बंद पडल्या नाहीत. फक्त त्यांतल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावणारं कुणी उरलं नाही आणि ते काम येणारी माणसं महाग झाली. फ्लॅश एका रात्रीत गेला. हे म्हातारे होत जातात. म्हातारपणाची तजवीज करायला वेळ मिळतो, एवढाच काय तो फायदा.

आधी बसणारा माणूस बघा

प्लॅटफॉर्मच्या नावांकडे वळण्याआधी एक काम घरच्या घरी करा. सॉफ्टवेअरसमोर कोण बसणार, दिवसातून किती वेळ, कोणत्या यंत्रावर, हे कागदावर लिहा. दिवसभर बिलं टाकणारा लेखनिक, गावोगाव फिरून ऑर्डर घेणारा विक्री प्रतिनिधी, वजनकाट्यावरचा माणूस, आणि महिन्यातून दोनदा अहवाल उघडणारे मालक. अडचण अशी की सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक नेहमी मालकांना दाखवलं जातं. त्यांना रंगीत आलेख आवडतात. ज्याचे हात दिवसभर त्या स्क्रीनवर फिरणार, त्याला कुणी बोलावतच नाही.

त्याला बोलवा, आणि माऊस बाजूला काढून ठेवा.

आपल्याकडे हिशोबाच्या टेबलावर बसणाऱ्यांची एक पिढी टॅलीवर वाढली आहे. एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. हे बोटांना पाठ आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. आता तोच माणूस ब्राउझरमध्ये बसतो. तिथे एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड करणं. पेमेंट उघडायला गेलेलं बोट अर्धवट भरलेलं बिल पुसून टाकतं. प्रोग्रामरला एफ५ अडवता येतं, पण त्याला हे कुणीतरी सांगावं लागतं, कारण त्याने स्वतः कधी व्हाउचर टाकलेलं नसतं. कंट्रोल आणि डब्ल्यू, कंट्रोल आणि एन, कंट्रोल आणि टी या जोड्या मात्र क्रोमच्या साध्या टॅबमध्ये अडवताच येत नाहीत. तिथे ब्राउझर कुणाचं ऐकत नाही. तेव्हा ‘आमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या कळा जशाच्या तशा हव्यात’ हा हट्ट धरू नका. त्याऐवजी कोणत्या दहा-बारा क्रिया माऊसला हात न लावता झाल्या पाहिजेत, त्यांची यादी द्या. एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाणं, ग्राहकाच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकल्यावर यादी आखडणं, शेवटच्या ओळीनंतर आपोआप नवी ओळ येणं. बिलाच्या स्क्रीनची खरी श्रीमंती हीच. फिरणारी चक्रं आणि सरकणारे पडदे नव्हेत.

दुसरी गोष्ट तक्त्याची. व्यवसायाचं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर शेवटी एका मोठ्या तक्त्यापाशी येऊन थांबतं: साठा, थकबाकी, हजेरी. एक्सेलची सवय असलेल्यांना त्यात चिकटवता यायला हवं, रकाने सरकवता यायला हवेत, बेरीज खाली दिसायला हवी. असा तक्ता स्वतः बनवायला निघालेला प्रोग्रामर सहा महिने त्यातच अडकतो, म्हणून तयार घटक घेतला जातो. आणि इथेच परवान्याची गंमत सुरू होते. एक्स्ट जेएस या लोकप्रिय घटकसंचाने एप्रिल २००८मध्ये आपला मुक्त परवाना सैल एलजीपीएलवरून कडक जीपीएलवर नेला. फुकट म्हणून घेणाऱ्यांना एकतर आपला कोड खुला करायचा किंवा व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा, एवढंच उरलं. एक्सेलसारखा तक्ता देणाऱ्या हँड्सऑनटेबलने २०१९मध्ये एमआयटी परवाना सोडला आणि व्यावसायिक वापराला पैसे लावले. एजी ग्रिडची साधी आवृत्ती एमआयटी परवान्यावर मिळते, पण गटवार बेरजांसारख्या ज्या गोष्टी हिशोबाला हव्या असतात त्यांतल्या बऱ्याच तिच्या विकतच्या आवृत्तीत आहेत. कंपन्यांनी पैसे मागण्यात गैर काही नाही. कोटेशनमध्ये ती ओळ आधी दिसली पाहिजे, एवढंच.

पैसे आणि अक्षरं

जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. नेमके ०.३ येत नाहीत. दशांशाच्या टोकाला एक ४ डोकावतो. संगणकाने अपूर्णांक साठवण्याची ती पद्धतच आहे, दोष कुणाचा नाही. पण त्यावर पैशांचा हिशोब बांधला की कुठेतरी पैसा निसटतोच. त्यात आपला जीएसटी दोन भागांत विभागलेला. १०० रुपये ५० पैशांवर १८ टक्के म्हणजे १८ रुपये ९ पैसे. तोच ९-९ टक्क्यांत तोडला तर प्रत्येक भाग ९.०४५, पैशाला पूर्ण केला की ९.०५ आणि ९.०५, म्हणजे १८ रुपये १० पैसे. स्क्रीनने एका पद्धतीने काढलं, छापील बिलाने दुसऱ्या आणि विवरणपत्राने तिसऱ्या, की महिनाअखेरीला एका पैशाचा शोध घेत दोन माणसं रात्री नऊपर्यंत बसतात. स्क्रीनने अंदाज दाखवावा, पण खरा आकडा सर्व्हरवरच, एकाच ठिकाणी, दशांशाच्या खऱ्या प्रकारात किंवा पैशांच्या पूर्णांकात काढलेला असावा. विक्रेत्याला हा प्रश्न विचारा. ‘सर, तसं काही होत नाही’ असं उत्तर आलं तर समजा त्याने अजून बिलिंग केलेलं नाही.

नियम सर्व्हरवर ठेवण्याचं दुसरं कारण सरकार. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२०ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींपर्यंत उतरलं. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेने दरांचे टप्पे बदलायचं ठरवलं आणि बहुतेक नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले. तीन आठवडेसुद्धा नाहीत. दर ज्यांच्याकडे तारखेसह एका तक्त्यात होते त्यांनी ओळी बदलल्या. ज्यांच्याकडे ‘१२’ हा आकडा स्क्रीनच्या कोडमध्ये जागोजागी पेरलेला होता, त्यांची ती नवरात्र कशी गेली असेल याची कल्पना करा. शिवाय परत आलेल्या जुन्या मालाला जुनाच दर लावायचा असतो. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून आणखी एक बंधन आहे: हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. अशी नोंद ब्राउझरमध्ये ठेवता येत नाही. ती डेटाबेसच्या बाजूलाच लागते.

आता मराठीचं. ‘आमचं सॉफ्टवेअर मराठीत आहे’ याचा अर्थ पुष्कळदा मेनू मराठीत आहे एवढाच असतो. खरी परीक्षा नावापत्त्यांची. ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून आणि दुसरा ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एका लेखनिकाने एका कळफलकावर टाकलेला ग्राहक दुसऱ्याला शोधून सापडत नाही, मग तो त्याला नव्याने घालतो, आणि थकबाकी दोन खात्यांत फुटते. साठवण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायची सोय जावास्क्रिप्टपासून डॉटनेटपर्यंत सगळीकडे तयार आहे, वापरली पाहिजे. जुना मजकूर युनिकोडपूर्व फाँटांमध्ये असेल तर त्याचं रूपांतर हे स्वतंत्र काम धरा, ‘नंतर बघू’मध्ये ढकलू नका.

छपाईलाही अशीच ठेच लागते. ब्राउझरमध्येच पीडीएफ बनवणाऱ्या काही लोकप्रिय लायब्ररींना देवनागरीची जोडाक्षरं जोडता येत नाहीत. ब्राउझर स्वतः तेच अक्षर व्यवस्थित दाखवतो, म्हणून दोष छापेपर्यंत कळत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘ज्ञानेश्वर’ ही दोन नावं टाकून पीडीएफ काढायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. आकड्यांचंही एक ठरवून ठेवा: ब्राउझरला मराठी भाषा सांगितली की तो लाख-कोटींचे स्वल्पविराम बरोबर देतो, पण अंकही देवनागरी करून टाकतो. ते हवेत की नकोत हे लेखा विभागाला विचारा. बहुतेकांना एक्सेलमध्ये नेण्याच्या भीतीने ते नको असतात. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात.

ब्राउझरच्या बाहेरचं जग

ऐंशी मिलिमीटरच्या रोलवर बिल छापायचं, काट्यावरून वजन घ्यायचं, डिजिटल सहीची यूएसबी किल्ली वाचायची, ही कामं वेबवाल्यांच्या अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येतात आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ खातात. वेब पानाने तुमच्या यंत्रावरच्या उपकरणांना परस्पर हात लावू नये, अशी ब्राउझरची रचनाच आहे, आणि ती योग्यच आहे. क्रोमने २०२१मध्ये सिरियल पोर्ट वाचायची सोय दिली, त्यामुळे जुन्या काट्याचं वजन परवानगी घेऊन थेट स्क्रीनवर आणता येतं. सफारीत ती नाही. मग त्या टेबलावर क्रोम किंवा एजच असेल असं लिहून ठेवा, झालं. बिल छापताना प्रत्येक वेळी समोर येणारी छपाईची खिडकी टाळायची असेल तर क्रोम एका खास सेटिंगने चालू करावा लागतो, नाहीतर संगणकावर एक छोटा मदतनीस प्रोग्राम बसवावा लागतो. सहीच्या किल्लीला तर असा प्रोग्राम लागतोच. जीएसटीच्या पोर्टलवर सही करणाऱ्यांना ई-मुद्राचा एमसाइनर बसवावा लागतो तो त्यासाठीच. यात कमीपणा मानू नये. ‘सगळं शंभर टक्के ब्राउझरमध्ये’ या आग्रहापायी काउंटरवरची रांग वाढवण्यात शहाणपण नाही.

नेट नसताना काम चालावं, ही मागणीही जपून करा. तंत्र आहे, पण ब्राउझरमधला साठा म्हणजे तिजोरी नव्हे. आयफोनवरच्या सफारीत एखादी साइट सात दिवस वापरलीच नाही तर तिने साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला त्यातून सूट आहे. शिवाय दोन प्रतिनिधींनी नेटशिवाय एकच शेवटची पेटी विकली, तर कुणाची ऑर्डर खरी हे तंत्रज्ञान ठरवत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं. फिरत्या माणसाच्या ऑर्डरपुरतं, आणि तेही ‘मागणी नोंदली, पक्की व्हायची आहे’ अशा शिक्क्यासह नेटशिवाय काम ठेवलं तर झेपतं. अख्खा साठा आणि हिशोब नेटशिवाय चालवायचा हट्ट म्हणजे दुप्पट खर्च.

आता नावं

माझं मत आधीच सांगून टाकतो: मध्यम आकाराच्या बहुतेक व्यवसायांना जेवढं ‘रिच’ विकलं जातं तेवढं लागत नाही. नोंदी, याद्या, मंजुऱ्या आणि अहवाल एवढंच काम असेल तर सर्व्हरवरच पान तयार करणारी जुनी पद्धत, म्हणजे जँगो, लाराव्हेल, रेल्स किंवा डॉटनेट, अजून उत्तम चालते. पानाचा फक्त एक तुकडा बदलायचा असेल तर एचटीएमएक्ससारखी छोटी लायब्ररी जोडता येते. कोड कमी, माणसं कमी आणि नियम आपोआप सर्व्हरवर. या पद्धतीला बैठकीत कुणी टाळ्या वाजवत नाही हा तिचा एकमेव दोष.

दिवसभराच्या दाट स्क्रीन असतील तर रिॲक्ट, ॲंग्युलर किंवा व्ह्यू. फेसबुकने २०१३मध्ये खुल्या केलेल्या रिॲक्टची माणसं पुणे-मुंबईच काय, नाशिक-कोल्हापुरातही मिळतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पण रिॲक्ट म्हणजे पूर्ण चौकट नव्हे. बाकीचे दहा तुकडे प्रत्येक टीम आपापल्या आवडीने निवडते, आणि टीम बदलली की आवडही बदलते. ॲंग्युलरमध्ये ती निवड बरीचशी आधीच झालेली असते, त्यामुळे मोठ्या टीमला शिस्त लागते. मात्र त्याची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला आधार १८ महिन्यांचा. वर्षातून एकदा तरी अद्ययावत करण्याचा खर्च करारात नसेल तर ॲंग्युलर घेऊ नका. व्ह्यू शिकायला सोपं, छोट्या टीमला मानवणारं.

घरात डॉटनेटची माणसं असतील तर ब्लेझरचा विचार जरूर करा, फक्त त्याचे दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवून. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रकारात प्रत्येक क्लिक जिवंत जोडणीवरून सर्व्हरकडे जाते. कार्यालयातल्या नेटवर्कवर ते झकास चालतं. नेट दर तासाला डुलकी घेत असेल अशा शेडमध्ये मात्र कामगाराला ‘पुन्हा जोडत आहे’ हीच पाटी जास्त दिसेल. दुसरा प्रकार ब्राउझरमध्ये चालतो, पण पहिल्यांदा उघडताना बरंच काही उतरवून घेतो. फ्लटरची वेब आवृत्ती मोबाइल ॲपचं भावंड म्हणून ठीक. पण ती मजकूर सहसा चित्रासारखा रंगवते, त्यामुळे ब्राउझरचं कंट्रोल-एफ त्यात नीट चालत नाही. लांबलचक यादीत बिल नंबर शोधणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

आणि कोरं पान कशाला, हा प्रश्नही विचारा. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्यावर खुलं आहे, आणि त्याखालची फ्रापे ही चौकट एमआयटी परवान्यावर. खरेदी, विक्री, साठा, हिशोब यांचा सांगाडा तयार मिळतो आणि आपल्या नोंदीचे फॉर्म त्यात घालता येतात. बेल्जियमचं ओडूही त्याच जातीचं. अट एकच: तुमची कामाची पद्धत थोडी त्यांच्याकडे झुकवावी लागते. न झुकता सगळंच बदलत बसलात तर पुढच्या आवृत्तीवर जाता येत नाही, आणि तयार सांगाड्याचा फायदा तिथेच संपतो. कोडशिवाय ॲप बनवून देणाऱ्या सेवांचं थोडक्यात सांगतो. रजेचा अर्ज, गेटपास, तपासणीचा फॉर्म यांसाठी जरूर वापरा. धंद्याचा कणा त्यांवर ठेवायचा असेल तर विचारा की डेटा बाहेर काढता येईलच, पण नियम कुठल्या रूपात बाहेर येतील? बहुधा कुठल्याच नाही.

अवलंबित्वाची मोजणीही एकदा करून घ्या. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरने वाद झाल्यावर एनपीएम या जावास्क्रिप्ट कोडच्या सार्वजनिक भांडारातले आपले सगळे तुकडे काढून घेतले. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता, आणि तो न मिळाल्याने जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. तुमच्या साध्या बिलिंगच्या स्क्रीनमागेही असे शेकडो तुकडे असू शकतात. यादी मागा. देता आली नाही, तर ती कुणी कधी पाहिलेलीच नाही.

करार करण्याआधी

प्रात्यक्षिकावर निर्णय घेऊ नका. तुमची सर्वांत अवघड स्क्रीन निवडा. बहुतेक ठिकाणी ती परत आलेल्या मालाची किंवा अर्धवट पुरवठ्याची असते. दोन-तीन आठवड्यांचे पैसे मोजून ती एकच स्क्रीन खऱ्या डेटावर बनवून घ्या. काउंटरवरच्या सर्वांत जुन्या संगणकावर ती चालवा, क्रोममध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करता येतो तो करून. कळ दाबल्यावर स्क्रीनने २०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल दाखवावी, असं गुगलचं चांगल्या पानासाठीचं प्रमाण आहे. लेखनिकाला आकडा कळणार नाही, पण फरक पहिल्या पाच नोंदींत कळेल. त्याचं मत मालकांच्या मताइतकंच लिहून ठेवा.

कागदावर काय हवं तेही ठरलेलं बरं. कोडचं भांडार पहिल्या दिवसापासून तुमच्या खात्यात, शेवटच्या हप्त्यानंतर नव्हे. डोमेन आणि क्लाउडचं खातं तुमच्या नावे, बिल तुमच्या कार्डावर. वापरलेल्या प्रत्येक चौकटीचा आधार कधी संपतो त्याच्या तारखा. डॉटनेट ८ घेतलं असेल तर नोव्हेंबर २०२६, अशा रीतीने. दर महिन्याला डेटाबेसची पूर्ण प्रत, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याची नोंद. स्क्रीनला वगळून तेच व्यवहार करता येतील असे सर्व्हरचे दरवाजे, म्हणजे एपीआय, त्यांच्या लेखी वर्णनासह. उद्या स्क्रीन बदलली तरी नव्या स्क्रीनला त्याच दरवाजांतून आत येता येईल.

आणि शेवटचा मोठा हप्ता देण्याआधी एक दिवस राखून ठेवा. या प्रकल्पाशी संबंध नसलेला एखादा प्रोग्रामर बोलवा, त्याला कोरा संगणक, कोडचं भांडार आणि लिहून दिलेल्या सूचना द्या. मूळ टीमला फोन न करता त्याला सगळी प्रणाली उभी करून गेल्या महिन्याचा विक्री अहवाल काढता आला पाहिजे, आणि त्याची बेरीज तुमच्या चालू अहवालाशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. संध्याकाळपर्यंत जमलं तर हप्ता द्या. अडला तर जिथे अडला त्या जागा लिहून घ्या आणि तेवढं काम पुरं होईपर्यंत चेक लिहू नका.